वरचा काठ

डॉ. वैजयंती माईणकर यांच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये पेशंटला पडदा दिसत नाही, हे अख्ख्या मिरजेला ठाऊक होतं. मशीन कुठलंही असो, पडदा बाईंच्या बाजूला आणि पेशंटचे डोळे छताकडे. भिंतीवर पाटी होतीच: ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.’ वैजयंती शिकत होती तेव्हा तो कायदा नुकताच कडक झाला होता. शब्दाने तर नाहीच, पण हातवाऱ्यांनी, खुणेनेही पोटातल्या बाळाबद्दल काही कळू द्यायचं नाही. आणि नातेवाईक काय कमी असतात? बाईंनी नुसतं हसून ‘सगळं छान आहे’ म्हटलं, तरी बाहेर जाऊन त्या हसण्याचा अर्थ लावत बसायचे. म्हणून वैजयंतीने हसूच बंद करून टाकलं. हसू गेलं, त्यापाठोपाठ कपाळावरची आठीही गेली, आणि मग हा नियम गरोदर बायांपुरता उरला नाही. पित्ताशयातला खडा असो की आतड्याची सूज, बाईंचा चेहरा एकच. गावात तिला ‘दगडी बाई’ म्हणत. तिला ते माहीत होतं आणि त्याचं तिला फारसं काही वाटत नसे.

त्यामुळे ‘ओघ’ नावाचं नवं मशीन सेंटरवर आलं आणि कंपनीच्या इंजिनिअर मुलीने त्याचा भलामोठा पडदा थेट पेशंटच्या समोर लावला, तेव्हा बाईंनी लगेच पडद्याला हात घातला.

“हा इकडे फिरवा,” ती म्हणाली.

“फिरतो मॅडम, पण मग मशीन चालत नाही. पेशंटने बघायलाच हवं.”

या मशीनचं नाव आधी ‘प्रवाहिका’ ठेवणार होते म्हणे. मग कुणा वैद्यांनी सांगितलं की आयुर्वेदात प्रवाहिका म्हणजे आव पडणं, आणि कंपनीने गुपचूप नाव बदललं. इंजिनिअर मुलीने हे सांगितल्यावर टेक्निशियन अस्लम खो खो हसला. अस्लम सतारमेकर मिरजेच्या तंतुवाद्य बनवणाऱ्या घराण्यातला, पण वयाच्या विशीतच सतारीचे भोपळे भावांवर सोडून तो इथे आला होता आणि आता त्याच्याही मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. पहिल्या चाचणीला पेशंट म्हणून तोच आडवा झाला.

त्याच्या हाताच्या शिरेतून दुधाळ पाण्याचं एक इंजेक्शन दिलं. त्या पाण्यात कोट्यवधी बुडबुडे होते. प्रत्येक बुडबुडा रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षाही लहान. आत निरुपद्रवी वायू आणि वर चरबीचं पातळ कवच. रक्त जाईल तिथे हे बुडबुडे जातात. आवाजाची लाट त्यांच्यावर आदळली की ते फुगतात, आक्रसतात आणि आपला असा वेगळा सूर परत पाठवतात. मांस, चरबी, यकृत यांचा प्रतिध्वनी वेगळा आणि बुडबुड्याचा वेगळा, हे वैजयंतीला जुन्या मशीनवरूनही माहीत होतं. पण जुन्या मशीनवर सगळे बुडबुडे मिळून एक पांढुरका ढग दिसे. ‘ओघ’ एकेक बुडबुडा सुटा ओळखत होता. तो आत्ता कुठे आहे, पुढच्या क्षणी कुठे गेला, हे टिपून त्याच्या वाटेची रेघ काढत होता. अशा लाखो रेघा साठल्या की रक्तवाहिन्यांचा नकाशा तयार. केसाहून कितीतरी बारीक वाहिनीसुद्धा त्यातून सुटत नव्हती. काम झालं की कवच विरघळतं आणि आतला वायू श्वासावाटे बाहेर जातो.

वैजयंतीने प्रोब अस्लमच्या बरगड्यांखाली टेकवला. पडदा आधी काळा होता. मग एक सोनेरी ठिपका सरपटत गेला. मग दुसरा, मग चार, मग मोजता येईनात इतके. काळोखातून एक खोड उगवलं, त्याला फांद्या फुटल्या, फांद्यांना डहाळ्या, आणि बघता बघता पडदाभर एक झाड पसरलं, ज्याचं पान न् पान वाहत होतं. प्रत्येक ठोक्याबरोबर ते उजळत होतं. तीस वर्षं या बाईने यकृत पाहिलं होतं ते करड्या सावल्यांमधून, धुक्यातून गाव ओळखावं तसं. आज धुकं उठलं होतं. तिने प्रोब दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“मॅडम,” अस्लमचा आवाज एकदम खाली आला होता, “हे माझ्या आत चाललंय? आत्ता?”

“आत्ताच.”

“मी झोपलो की पण?”

“तेव्हाही चालूच असतं रे.”

अस्लम पडद्याकडे बघतच राहिला. त्याचा श्वास इतका मंद झाला होता की पोट हलतंय की नाही कळत नव्हतं. इंजिनिअर मुलीने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक हिरवा पट्टा होता आणि त्यात एक पिवळा ठिपका वरखाली होत होता. श्वासाबरोबर यकृत सरकतं, आणि इतक्या बारीक रेघा काढायच्या तर ते सरकणं चालत नाही. गणिताने दुरुस्ती करून पाहिली, ती एका मर्यादेपर्यंतच जमते. त्यापुढे पेशंटनेच पिवळा ठिपका हिरव्या पट्ट्यात राखायचा. नुसता ठिपका दाखवून पाहिला तेव्हा माणसं कंटाळून धापा टाकायची. पण समोर स्वतःचं यकृत वाहताना दिसलं, की आपोआप श्वास हलका होतो.

“असं का होतं, आम्हालाही नीट माहीत नाही,” ती मुलगी म्हणाली. “लोक देवळात शिरल्यासारखे गप्प होतात.”

वैजयंतीच्या मनात आलं, या पडद्यासमोर मुकुंद झोपला की सगळं संपलं.

मुकुंद म्हणजे तिचा नवरा. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेला, कृष्णेच्या पाण्याच्या गप्पा कधी न संपणारा माणूस. आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता, पण नरसोबाच्या वाडीच्या बासुंदीने ती कसर भरून काढली होती, आणि यकृतावर चरबी साठत गेली होती. दर वर्षी त्याची सोनोग्राफी वैजयंती स्वतःच करायची. या वर्षीही तो छताकडे बघत, वारणेच्या कालव्याची काहीतरी हकिकत सांगत पडला होता, आणि ती पडद्याकडे बघत होती. यकृताच्या उजव्या बाजूला, वरच्या अंगाला, लिंबाएवढी गाठ होती. ती काय आहे हे तिला त्याच क्षणी कळलं. पुढच्या सगळ्या तपासण्यांनी तेच सांगितलं. पण त्या क्षणी तिचा चेहरा हलला नाही.

“साधी रक्तवाहिन्यांची गाठ दिसतेय,” ती म्हणाली. ‘कुशीवर वळा’ म्हणावं त्या आवाजात.

मुकुंदने तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि विश्वास ठेवला. पुण्याला उपचार झाले तेव्हाही ती दाखवेल तिथे त्याने सह्या केल्या. “घरातच डॉक्टर असताना मी कशाला डोकं चालवू?” म्हणाला. पुण्याचे डॉ. निंबकर तिच्या ओळखीचे. तेही ‘मॅडम, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणून गप्प राहिले.

तिने हे का केलं? पेशंटपासून कॅन्सर लपवणारे नातेवाईक तिने शेकड्यांनी पाहिले होते आणि मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली होती. पण इथे गोष्ट त्यांच्या मुलीची होती. शाल्मली पुण्याला असे. उपचार लागू पडले नाहीत, तर यकृताचं रोपण हा एकच मार्ग उरत होता, आणि आपल्या यकृताचा तुकडा द्यायला शाल्मली पहिल्या दिवसापासून तयार होती. तिचा मुलगा अजून अंगावर पीत होता. मुकुंदला हे नुसतं कळलं असतं, तरी त्याने सगळेच उपचार झिडकारले असते. पोरीच्या पोटावर सुरी फिरवून मला जगायचं नाही, असं म्हणून तो मोकळा झाला असता. तो असाच होता. म्हणून आधी गाठ मारून टाकू, मग सांगायची वेळच येणार नाही, असा बाईंचा हिशोब.

पुण्याला त्याच्या मांडीच्या धमनीतून एक बारीक नळी थेट यकृतापर्यंत नेली होती. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. मोठा हिस्सा आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून येतो आणि थोडा धमनीतून. निरोगी यकृत मुख्यतः शिरेवर जगतं, पण ही गाठ आपली सगळी तहान धमनीवर भागवते. म्हणून नळीतून औषधाचे मणी सोडून गाठीकडे जाणारी धमनीच बुजवून टाकायची, म्हणजे यकृत जगतं आणि गाठ उपाशी मरते. अडचण पुढेच असते. मेलेली गाठ लगेच नाहीशी होत नाही. ती तिथेच, तेवढीच पडून राहते. ती खरोखर मेली की एखादा कोपरा अजून जिवंत आहे, हे आकारावरून कळत नाही. आत रक्त जातंय का, एवढ्यावरूनच कळतं. आजवर त्यासाठी कित्येक आठवडे थांबून स्कॅन करत. जिवंत कोपरा तेवढ्या वेळात मोठ्या शिरेत घुसला, तर रोपणाचाही दरवाजा बंद. ‘ओघ’वर हे काही दिवसांतच कळणार होतं.

“आई, बाबांना सांग,” मुकुंदच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी शाल्मली फोनवर म्हणाली. “ते बघणारच आहेत ना पडद्यावर? त्यांना काय कळणार नाही असं वाटतंय तुला?”

“यकृताच्या रक्तवाहिन्यांमधलं त्याला काय कळतंय?”

“आई, त्यांनी आयुष्यभर वाहतं पाणीच बघितलंय.”

वैजयंतीने ‘बघू’ म्हणून विषय तोडला. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली, तर मुकुंद डब्यातलं भडंग चोरून खात होता. मीठ कमी करायला सांगितलं होतं त्याला.

“काय म्हणत होती लेक?”

“काही नाही. पोरगं दात येतायत म्हणून रडतंय.”

“उद्या ते तुझं नवीन मशीन ना?” त्याने तोंड पुसलं. “अस्लम सांगत होता, आत बुडबुडे सोडतात आणि ते कुठे जातात ते बघतात. म्हणजे फ्लोटच की गं! पुरात होडी घालता यायची नाही, तेव्हा आम्ही पुलावरून लाकडी फ्लोट सोडायचो. इथून तिथवर जायला किती वेळ लागला, त्यावरून नदीचा वेग काढायचो. तुम्ही डॉक्टर लोकांनी आमचीच विद्या चोरली.”

तो इतका खुशीत होता की तिला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंद पडद्यासमोर आडवा झाला. घरी ती त्याला नावाने हाक मारायची, अरे-तुरे करायची. पण सेंटरवर, चारचौघांत, सासूबाईंच्या काळापासूनची सवय म्हणून ‘अहो’. अस्लमने प्रोब टेकवला, तिने इंजेक्शन दिलं.

“अहो, तो पिवळा ठिपका हिरव्यात ठेवा. बाकी काही करायचं नाही.”

काळोखात पहिले ठिपके निघाले. मग तेच झाड, तेच उजळत जाणं. वैजयंतीने ते आता काही पेशंटमध्ये पाहिलं होतं, पण हे ज्याच्या शेजारी ती पस्तीस वर्षं झोपत आली होती त्याचं होतं. मुकुंदचं तोंड किंचित उघडं राहिलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

“वैजू,” तो पुटपुटला, “अगं, एवढी मोठी नदी! एवढा मोठा संगम! आणि मी यावर बासुंदी ओतत होतो.”

अस्लम हसला. पिवळा ठिपका उडाला आणि परत पट्ट्यात आला.

मग प्रोब वर सरकला आणि गाठ आली. उजळत्या झाडाच्या मधोमध एक काळा गोल. त्याच्या कडेपर्यंत फ्लोट येत होते आणि वळसा घालून निघून जात होते. आत एकही जात नव्हता. कडेला वेड्यावाकड्या, जाडजूड, मध्येच तुटलेल्या वाहिन्यांचे अवशेष होते, कोरड्या पडलेल्या. वैजयंती श्वास रोखून बघत राहिली. आत काही नाही. काही नाही. मशीनने खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं: ‘जिवंत ओघ आढळला नाही.’ त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: ‘वरचा काठ बरगडीआड, तपासला नाही.’

ती ओळ तिने वाचली. दुसरा कुणी पेशंट असता, तर तिने त्याला लगेच खोल श्वास घ्यायला लावला असता. छाती फुगली की छाती आणि पोट यांच्यामधला पडदास्नायू खाली येतो, त्याच्याबरोबर यकृत खाली सरकतं आणि बरगडीआडचा भाग समोर येतो. हे ती शिकाऊ डॉक्टरांना रागवून शिकवायची. पण आज तिला फक्त हिरवी अक्षरं दिसत होती. झालं, सुटलो, आता त्याला कधीच सांगायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

“झालं,” ती म्हणाली. “गाठ बंद झालीय. अस्लम, पुस ते जेल.”

“थांब जरा,” मुकुंद म्हणाला. तो अजून पडद्याकडेच बघत होता. “ही साधी गाठ नव्हती.”

“म्हणजे?”

“ह्या वाहिन्या बघ. बाकीच्या सगळ्या कशा रीतीने फुटल्यात. मोठीतून लहान, लहानातून बारीक. आणि ह्या? वाटेल तिथून फुटलेल्या, वाटेल तेवढ्या जाड. विनापरवाना मोटर टाकून कालव्यातलं पाणी उचलतात ना, तसल्या. नोकरीभर मी पाणीचोरच पकडले गं.” त्याने मान वळवली. “वैजू, काय होतं हे?”

तिचा हात आपोआप उठला आणि तिने पडदा स्वतःकडे फिरवला. तीस वर्षांची सवय. नातेवाइकाने अवघड प्रश्न विचारला की पडदा आपल्याकडे. तिचा चेहराही तसाच झाला होता, हे तिला मुकुंदच्या नजरेवरून कळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता.

“पडदा फिरव,” तो शांतपणे म्हणाला.

अस्लम प्रोब धरून खाली मान घालून उभा होता. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. वैजयंतीने पडदा परत मुकुंदकडे केला. 

“कॅन्सर होता,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं.”

मुकुंदने डोळे मिटले नाहीत.  त्याने फक्त एक श्वास घेतला, मोठ्ठा, पोटाच्या तळापासून, माणूस पाण्यात उडी मारण्याआधी घेतो तसा. पिवळा ठिपका हिरवा पट्टा सोडून कुठल्या कुठे गेला. पडद्यावरचं अख्खं झाड खाली सरकलं. काळा गोलही सरकला आणि बरगडीच्या सावलीतून त्याचा वरचा काठ बाहेर आला.

त्या काठावर एक सोनेरी ठिपका होता.

“मॅडम!” अस्लम ओरडला.

तो ठिपका आत गेला. त्याच्यामागून दुसरा आला आणि त्याच वाटेने आत गेला. मग मुकुंदचा श्वास सुटला, झाड वर गेलं आणि सगळं परत सावलीत बुडालं.  दोन फ्लोट. ती हिरवी अक्षरं खरी धरून वैजयंती घरी जाणार होती. पेढे वाटणार होती. आणि तोवर हे इथे, बरगडीच्या आडोशाला, जगत राहिलं असतं.

“आत पाणी जातंय,” मुकुंद म्हणाला. “वरून. यकृतातून नाही. बाहेरून कुठून तरी.”

“पडदास्नायूच्या धमनीतून असेल. खालची वाट बुजवली की कधीकधी गाठ तिथून ओढून घेते.” तिचा आवाज आता दगडी राहिला नव्हता. ती चक्क रडत बोलत होती, आणि ते अस्लमने बघितलं तरी तिला चालणार होतं. “अहो, मला ती वाट पूर्ण बघायचीय. कुठून येते ते कळलं, तर ती बुजवता येईल. त्यासाठी परत तसाच श्वास घेऊन धरून ठेवावा लागेल. पुन्हा पुन्हा. जमेल?”

“कशाकडे बघायचंय ते आता माहीत आहे ना,” तो म्हणाला. “जमेल.”

त्याने छाती भरून घेतली. या वेळी तो पिवळ्या ठिपक्याकडे बघत नव्हता. तो त्या काठावर नजर रोवून होता आणि त्याचं यकृत पडद्यावर दगडासारखं स्थिर झालं. एक फ्लोट गेला. मग बराच वेळ काही नाही. मग दोन एकदम. त्याचा चेहरा लाल झाला, त्याने श्वास सोडला, दम घेतला, परत भरला. असं कितीतरी वेळा. हळूहळू काळोखात एक रेघ उमटली, कोळिष्टकाच्या एका धाग्याएवढी, काठापासून वर पडदास्नायूकडे जाणारी. जिवंत माणसाच्या पोटातला तो एवढासा चोर इतक्या उजेडात कुणी पाहिला असेल, असं तिला वाटेना.

चित्र पाहून निंबकरांचा लगेच फोन आला. ही वाट त्यांना स्पष्ट दिसत होती आणि बुजवताही येणार होती. पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

मुकुंद मात्र घरी आल्यावर बोलला नाही. जेवला, पेपर वाचला, झाडांना पाणी घातलं, पण तिच्याशी बोलला नाही. तो भांडला असता तर तिला परवडलं असतं. दोन दिवसांनी दुपारी त्याने स्वतःहून गाडीची किल्ली तिच्यासमोर धरली.

“हरिपूरला चल.”

हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात. दोघं घाटाच्या पायरीवर बसली. दोन नद्यांचं पाणी बरंच अंतर शेजारीशेजारी वाहत जातं आणि मग एकत्र होतं, ते मुकुंद बघत होता.

“मला राग कशाचा आलाय सांगू?” तो म्हणाला. “तू लपवलंस त्याचा नाही. पेशंटचे नातेवाईक बाहेर उभे असतात ना, त्यांना तू आजार काय तो सगळा सांगतेस. मला त्यांच्याइतकंसुद्धा सांगितलं नाहीस. शाल्मलीला माहीत होतं?”

“हो.”

“का?”

मग तिने सगळं सांगितलं. रोपणाचं, शाल्मलीने पहिल्याच दिवशी काय ठरवलं त्याचं, आणि तो नाही म्हणेल या भीतीचं. सांगताना तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन जात होतं, ते तिने अडवलं नाही. मुकुंद नदीऐवजी तिच्याकडेच बघत होता.

“बरोबर ओळखलंस,” तो म्हणाला. “त्या दिवशी विचारलं असतंस, तर सरळ नाही म्हणालो असतो. पोरीच्या जिवावर जगायचं म्हणजे काय!”

“आणि आता?”

त्याने नजर परत पाण्याकडे वळवली.

“आता ते बघितलंय गं मी,” तो म्हणाला. “एवढं सगळं आत चाललेलं. न सांगता, न विचारता, रात्रंदिवस. ते बघितल्यावर ‘नको मला’ असं तोंड वर करून म्हणवत नाही. शाल्मलीचं घेईन असं म्हणत नाही मी. पण तिच्याशी मी बोलेन, आणि काय ते आम्ही दोघं ठरवू. तू मध्ये तो दगडी चेहरा घेऊन उभी राहायचं नाहीस.”

“नाही राहणार.”

“आणि पडदा माझ्याकडे.”

“तुझ्याकडेच.”

त्याने तिचा हात हातात घेतला. मग घरी जाईपर्यंत तो वारणेच्या पाण्याबद्दल बोलत राहिला, आणि तीच हकिकत दहाव्यांदा ऐकताना तिला जन्मात कधी झाला नव्हता एवढा आनंद झाला.

पुण्याला ती वरची वाट बुजवली गेली. काही दिवसांनी मुकुंद परत त्या पडद्यासमोर आडवा झाला. या वेळी शाल्मली त्याच्या उशाशी उभी होती, पोराला नवऱ्याकडे ठेवून आलेली. पहिल्यांदाच ते झाड बघताना तिने तोंडावर हात ठेवला. बापलेक फोनवर तास तास बोलले होते. काय ठरलं, ते दोघांनीही वैजयंतीला सांगितलं नव्हतं. पडद्यावर काय दिसतं त्यावर ते अवलंबून होतं, एवढंच तिला माहीत होतं.

“अहो,” ती म्हणाली, “घ्या खोल श्वास.”

मुकुंदने छाती भरून घेतली. झाड खाली आलं, काळा गोल खाली आला, सावलीतून वरचा काठ बाहेर आला. चौघांच्या नजरा तिथे खिळल्या. भोवताली हजारो फ्लोट वाहत होते, उजळत होते, कडेशी येऊन वळून जात होते. तो धागा जिथे होता तिथे काळोख होता. अस्लमचा हात तसूभर हलला नाही. काळोख तसाच राहिला. आत काही गेलं नाही. मुकुंदचा चेहरा लाल होत चालला, मानेची शीर फुगली, तरी तो सोडेना. आणखी थोडं बघू, आणखी एखादा येतोय का बघू, असं त्याचे डोळे म्हणत होते. मशीनने हिरवी अक्षरं लिहिली आणि या वेळी त्याखाली बारीक ओळ नव्हती. तरी तो सोडेना.

वैजयंतीने पडद्याकडे पाठ केली आणि ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली. हसत होती, रडत होती. दगडी बाईंच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते सगळं त्याला वाचता येत होतं. अस्लमने चमकून वर पाहिलं, कारण इतक्या वर्षांत मॅडमनी साहेबांना सेंटरवर अशी हाक मारलेली त्याने ऐकली नव्हती.

“मुकुंद,” ती म्हणाली, “सोड की आता श्वास.”